डरवेंट नदीच्या मुखाशी अंत्ययात्रा

टोबी : पाद्रीबाबा, प्रार्थना चालू द्या, पण डोकं जरा खाली घ्या. पलीकडचं दिसत नाही.

पाद्री : पलीकडे काय बघायचंय? दफनभूमी तर समोर आहे.

टोबी : ती कुठे पळून जात नाही. तो जाईल.

केझाया : कोण, टोबीकाका?

टोबी : ते कारंजं बघ, पोरी. देवमासा! अख्खा हिवाळा वाट पाहिली, नि आज उगवलाय.

पाद्री : अहो, होडीत शवपेटी आहे!

टोबी : भालाही आहे.

पाद्री : अंत्ययात्रेला भाला आणलात?

टोबी : आणायचा कशाला? असतोच होडीत. तुम्ही बसलायत तो दोर त्याचाच.

पाद्री : अरे देवा!

केझाया : नाही, काका. आधी बाबांना पोचवायचं.

टोबी : अगं, गेलो आणि आलो.

केझाया : बाबाही हेच म्हणायचे.

टोबी : मग? भालेकरी होता तुझा बाप जोसाया. आत्ता बोलता आलं असतं तर म्हणाला असता, टोब्या, फिरव होडी.

केझाया : म्हणालेच असते. माझ्या बाप्तिस्म्याला मला पाद्रीबाबांच्या हातात कोंबून पळाले.

पाद्री : खरंय. दुपारपर्यंत धरून बसलो होतो. दोनदा भिजलो.

केझाया : लग्नात माझा हात धरून चर्चमध्ये आणत होते. किनाऱ्यावरून आरोळी आली, अर्ध्या वाटेत हात सोडला.

टोबी : पण तो मासा केवढा होता!

केझाया : आई गेली तेव्हाही समुद्रावरच होते.

टोबी : ...हं.

केझाया : एका तरी कार्याला त्यांना शेवटपर्यंत थांबू दे. आज त्यांना पळता येत नाही, काका. तुम्ही पळवू नका.

टोबी : पलीकडच्या तळावरची होडी निघाली बघ. त्या दुसऱ्या शिकाऱ्याची, गजची. मेल्याला वास येतो की काय! ...बरं. वल्ही वर घ्या रे. टोप्या काढा. जाऊ दे त्याला.

(होडी थांबते.)

पाद्री : टोबायस, तो आपल्याकडेच वळला का हो?

टोबी : तुम्ही पुस्तकात बघा.

पाद्री : बघतोय. पण डावीकडून गाठला तर...

केझाया : पाद्रीबाबा!

पाद्री : आमेन.

टोबी : गेला. आता गजची चंगळ. चला रे, जोर लावा, जोसायाला पोचवू.

केझाया : जोर नको, काका. सावकाश वल्हवा. इतका वेळ ते माझ्याशेजारी कधी बसले नव्हते.