कच्च्या माशाचा मान

सन्माननीय अध्यक्ष, जिल्हा आरोग्याधिकारी साहेब. व्यासपीठावर विराजमान आमच्या विहाराचे पूज्य भन्ते. आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर प्राचाक. रुग्णालयातल्या परिचारिका भगिनी. आणि थायलंडातल्या या आपल्या ‘ची’ नदीच्या काठच्या गावांतून ट्रकमध्ये बसून आलेल्या माझ्या माणसांनो, या बुनथोमचा सर्वांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलीत. घाबरू नका, व्रण दाखवायला सदरा काढणार नाही. पूर्वी काढत असे, आणि तिथेच माझं चुकलं. ते सांगायलाच आज उभा राहिलोय.

अकरा वर्षांपूर्वी माझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. पित्तनळीचा कर्करोग, कच्च्या माशातला किडा यकृतात घर करतो त्यातून होणारा. तेव्हा हे नाव निघालं की आपल्याकडे लोक चितेच्या लाकडांची सोय बघायला लागत. या डॉक्टर प्राचाकांनी काय करावं? यकृताच्या बिघडलेल्या बाजूकडे जाणारी रक्तवाहिनी बंद केली आणि महिनाभर थांबले. म्हणाले, "तोवर चांगली बाजू वाढू दे." मग दहा तास उभं राहून अर्ध्याहून जास्त यकृत काढलं, आतडं वर ओढून पित्ताला नवी वाट करून दिली. मी जगलो.

घरी आल्यावर गावाला पंगत घातली. मासा मीच चिरला, कारण आपल्या पंचक्रोशीत या कामात माझा हात धरणारा कुणी नव्हता. कच्चा मासा, लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाचं पीठ, वरून आंबटपणाला लाल मुंग्या. मी स्वतः खाल्ला नाही, पण सदरा काढून पंगतभर मिरवलो. "अरे, यकृत परत वाढतं." माझा धाकटा भाऊ समाय दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाला, "मग झालं तर, दादा. वरून जंताची गोळी घेऊ, आणि डॉक्टर आहेतच की." सगळे हसले. मीही हसलो.

सहा वर्षांनी समायचे डोळे पिवळे झाले. त्याला आत नेलं आणि तासाभरात पोट शिवून बाहेर आणलं. इतक्या लवकर झालं म्हणून मी खूश झालो होतो, बघा. डॉक्टर माझ्याशेजारी बाकावर येऊन बसले. "बुनथोमदादा, सगळीकडे पसरलाय. काढण्यासारखं काही उरलं नाही."  मग म्हणाले, "मी दर वर्षी काहीतरी नवं कापायला शिकतो. तुम्ही लोक शिजवायला कधी शिकणार?"

समाय गेला. डॉक्टर म्हणतात, माशातला किडा त्याच्यात बालपणीच शिरला असेल, तुमचा दोष नाही. मोठ्या मनाचा माणूस आहे. मला मात्र त्या पंगतीतलं समायचं ताट दिसतं.

मघाशी इथे नव्या यंत्रांचं, छोट्या छिद्रांतून होणाऱ्या शस्त्रक्रियांचं कौतुक झालं. खरंच आहे ते. पण डॉक्टरांचा हात जसजसा तयार होत गेला, तसतसे आपण निर्धास्त होत गेलो, हेही खोटं आहे का?

त्या भाषणांच्या वेळी मी मागे स्वयंपाकघरात डोकावलो. समायची बायको चंथी परातभर कच्चा मासा कालवत बसली होती. समायची बायको. मी म्हटलं, "अगं, तू सुद्धा?" तर म्हणाली, "भाऊजी, डॉक्टरांच्या निरोपाचं जेवण आहे. शिजवलेला मासा आजाऱ्याला घालतात. गाव काय म्हणेल?"

तिच्या हातातली परात मी ओढून घेतली आणि मासा उकळत्या पातेल्यात ओतला. आता ती माझ्याशी बोलत नाही.

तेव्हा डॉक्टरसाहेब, पंगतीला आज कच्च्या माशाचा मान नाही, याबद्दल क्षमा असावी. आपले आभार मानायला मला दुसरं काही सुचलं नाही. बोलण्यात अधिकउणं झालं असेल, तर मंडळींनी ते मनावर घेऊ नये. जेवणाला अर्धा तास उशीर होईल. मासा पुरता शिजला की मीच हाक मारीन. तोवर कुणी उठायचं नाही.