स्लायडिंगच्या खिडक्या

कानाच्या दवाखान्यात शिंपीणबाई नंबरची वाट बघत होत्या. त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला एक नवरा-बायको येऊन बसले, आणि लगेच बायकोच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"लाकडी खिडक्या होत्या तेव्हा काय म्हणायचात? रस्त्याच्या गोंगाटात तुझं बोलणं ऐकूच येत नाही!"

"नव्हतंच येत."

"म्हणून चौकटी उखडल्या, आठवडाभर धुळीत जेवलो, स्लायडिंगच्या खिडक्या बसवल्या. त्याही दुहेरी काचेच्या! आता घरात टाचणी पडली तरी ऐकू येते."

"येते ना."

"मग काल तीनदा म्हटलं, माझी आई आजारी आहे, चला, भेटून येऊ. ते काय मी भिंतीला सांगत होते?"

"कधी म्हणालीस?"

"बघा! उगाच नाही आणलं इथे."

तेवढ्यात आतलं दार किलकिलं झालं आणि नर्स काहीतरी पुटपुटली. शिंपीणबाईंना काही कळलं नाही. नवरा मात्र चटकन उठला.

"आलो, आलो. माझाच नंबर."

बायको जागची हलली नाही.

"बसा खाली. कान ठणठणीत आहेत तुमचे."

"अगं, पण..."

"त्या जुन्या खिडक्याच परत बसवून घ्या. निदान दोष द्यायला काहीतरी होतं मला."