आवाज न करणारी स्कूटर

भोकरदनच्या आमच्या सुधाकरनं बॅटरीवरची स्कूटर घेतली, तेव्हाची गोष्ट सांगतो. तालुक्यात तशी गाडी कोणी पाहिलीच नव्हती. सुधाकरच्या वडिलांना, आबांना, दिसत नव्हतं. ओट्यावर बसल्या बसल्या ते आवाजावरून, ओट्याच्या दगडाला बसणाऱ्या हादऱ्यावरून कोणाची गाडी आली ते बराबर सांगायचे. या स्कूटरला ना आवाज, ना थरथर. पोरगा एकदम शेजारी बोलला की आबा दचकायचे. मंग सुधाकर आल्या आल्या त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला लागला.

एका दुपारी मी त्याच्या मागं बसून घरी गेल्तो. त्यानं हात ठेवला, तसे आबा म्हणाले, "परत बाहेरून कसा आलास? मघाशीच हात ठेवून आत गेलास की."

"मी न्हाई, आबा. आत्ताच येऊन राह्यलो."

दाराला बाहेरून कडी होती. आम्ही सगळं घर पाहिलं. आत कोणीच न्हाई.

आठवड्याच्या आत सुधाकरनं स्कूटर विकली आणि जुनी फटफटी आणली. तिचा आवाज पार कोपऱ्यापासून यायचा.

मी आबांना विचारलं, "आता बरं वाटतं ना?"

"बिलकुल," आबा म्हणाले. "फटफटी वाजली की तो माझ्याजवळून उठून जातो."