हिरवा ठिपका

डिझायनर : ...एवढा शेवटचा प्रश्न, ताई. सकाळपासून तुम्ही नवव्या, माझंही डोकं चालेनासं झालंय. पाच मिनिटं माउस हलला नाही की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या नावापुढचा हिरवा ठिपका राखाडी होतो. बरोबर?

नकाशेकार : हो. मग चारही शहरांतल्या आमच्या माणसांना दिसतं, बाई जागेवर नाही.

डिझायनर : बाकी सगळ्यांचा दिवसातून दहादा राखाडी होतो. तुमचा चार महिन्यांत एकदाही नाही.

नकाशेकार : काम असतं हो भरपूर.

डिझायनर : पाणी प्यायलासुद्धा उठत नाही?

नकाशेकार : कमीच पिते मी.

डिझायनर : तुमचे साहेब भलतेच खूश आहेत. म्हणाले, ही घरी बसून एवढी हजर राहते, तर पाचाची तीन मिनिटं करा. सगळ्यांना. उद्या मला अहवाल द्यायचाय.

नकाशेकार : तीन? अहो, आमच्यात एकीचं बाळ सहा महिन्यांचं आहे. ती काय करेल? आणि हे माझ्यामुळे?

डिझायनर : तुमचाच आकडा पुढे करतायत.

नकाशेकार : ते रेकॉर्डिंग बंद करता का जरा?

डिझायनर : केलं. बोला.

नकाशेकार : माझे वडील इथेच असतात, माझ्या टेबलाशेजारी खाटेवर. उजवा हात सारखा थरथरतो त्यांचा. भरवायचं, कूस बदलायची, वीस-वीस मिनिटं जातात. तेव्हा माउस त्यांच्या हाताखाली ठेवते. काम पुरं करते हं मी, एक नकाशा उशिरा गेलेला नाही. पण आता तुम्ही हे लिहिणार.

डिझायनर : आज एक जण माउस टेबलफॅनला बांधतो म्हणाला. दुसरा घड्याळाच्या फिरत्या काट्यावर ठेवतो. तुमचं नाव कशाला घालू?

नकाशेकार : मग काय लिहाल?

डिझायनर : ठिपका काढून टाका, असं. माझीच कल्पना होती ती. लांबलांबच्या माणसांना एकमेकांची सोबत वाटेल म्हणून केला होता. सोबत राहिली बाजूला, नुसता पहारा झाला. कंटाळा आलाय मला त्याचा.

नकाशेकार : ऐकतील?

डिझायनर : नऊ जणांचं सांगितलं तर बहुतेक ऐकतील.

नकाशेकार : काढाच मग. सुटतील बिचारे सगळे.

(नकाशेकार मान वळवून शेजारच्या खाटेकडे बघते.)

डिझायनर : ताई, काय झालं? तुम्हीही सुटलात की.

नकाशेकार : हो, हो. बाबांना कसं सांगायचं, तेवढंच बघत होते. त्यांना मी सांगून ठेवलंय, माझं अर्धं काम तुम्हीच करता म्हणून. रोज नऊच्या आत माझ्याकडून दाढी करून घेतात.