देवाचा डोह

बहात्तरच्या उन्हाळ्यात अच्युतराव गुरुजी भालकीला बसच्या रांगेत उभे होते. पुढे एक बाई जड पिशवी पोटाशी धरून होती. तिची नणंद धापा टाकत आली.

“वहिनी, पाण्याच्या इंजिनाचं हँडल घेऊन कुठं जायलीस? अण्णा नदीवर खोळंबलाय!”

“माहेरी जायले, वन्सं. आता करा म्हणावं इंजिन सुरू.”

“ऊस वाळायलाय की!”

“वाळू दे. मांजरेत एवढा एकच डोह उरलाय. देवाचा म्हणून आपण त्यात घागरसुद्धा बुडवत न्हाई, काठाला वाळूत झिरा काढून पाणी भरतो. ह्यांनी डोहातच पाइप सोडला.”

“मग रानाला पाणी कुठनं आणावं त्यानं?”

“काल झिऱ्यात तांब्याभर पाणी आलं न्हाई. गावानं काय प्यावं? अन् सकाळी डोहातले मासे उलटे पडले. लहानपणी तुम्हीच चुरमुरे टाकायच्या न्हवं त्यांना?”

नणंदेनं पिशवीकडं नेलेला हात मागे घेतला. गुरुजींनी नजर दुसरीकडे वळवली.

“मोठे मासेबी मेले?”

“व्हय.”

“अण्णा हे बोलला न्हाई मला.”

बस लागली. नणंदेनं वहिनीच्या हातातली पिशवी घेतली, तिला आधी वर चढवलं, मग पिशवी परत तिच्या हातात दिली.

“पाऊस पडल्याबिगर येऊ नको. मी यायच्या आधीच बस सुटली म्हणून सांगते.”