उंबऱ्याआधी नारळ

सत्त्याऐंशी साल, चंडीगडात जागोजागी बॉम्बची धास्ती. सेक्टर १७च्या सभागृहात नव्या फ्लॅटांची सोडत निघणार होती. रत्नप्रभाबाई ताटकळत बसल्या होत्या, तोच पुढच्या रांगेतून मराठी ऐकू आलं. नवरा-बायको होते. बाईंनी कान टवकारले. इथं मराठी भांडण रोज थोडंच ऐकायला मिळतं!

"तळमजलाच हवा. बाग करू."

"वरचाच हवा. खालच्या खिडकीत जो तो डोकावतो."

"मग तुझा नारळ तूच धर."

"नव्या उंबऱ्यावर फोडणार तुम्ही, धरू मी?"

"राहू दे इथंच!"

दोघं रुसून रांगेच्या दोन टोकांना जाऊन बसली. नारळाची पिशवी मधल्या खुर्चीखाली तशीच राहिली. थोड्या वेळाने पोलिसाचा भोंगा ओरडला, "लावारिस थैली! सब बाहर!"

चिठ्ठ्यांच्या डब्यासकट सगळं सभागृह पळालं. उरली तिघंच.

"अहो, पिशवी आपली आहे म्हणून सांगा ना."

"तुझी आहे, तू सांग."

"मी आधी बोलणार नाही."

"मग मीही नाही."

रत्नप्रभाबाईंना राहवेना. "कुणीतरी बोला हो! नाहीतर नारळ बॉम्बशोधक पथकवालेच फोडतील."

"अगं बाई! उंबऱ्याशिवाय?"

"आणि खोबरंही तेच खातील," बाईंनी भर घातली.

दोघांनी एकदमच पिशवीवर झडप घातली.

"वरचा तर वरचा, पण सोड!"

"तळमजला घ्या हो, पण आधी नारळ द्या!"