रुमाल टाकलेली मेमरी

मंडळी, ऐका! जागेवर रुमाल टाकला की जागा आपली झाली का हो? — आं? आता का सगळे इकडेतिकडे बघताय? बघू नका, आख्यान ऐका!

एका गावात धर्मादाय दवाखाना. तिथले कॉम्प्युटर सांभाळणारी प्रज्वला खोत. तिच्या खोलीत सर्व्हरची पेटी एकच, पण पेटीच्या पोटात पाच यंत्रं! खरी नव्हेत हो, आभासी! रक्तपेढीचं एक, एक्स-रेचं एक, तपासण्यांचं, औषधांचं... आणि प्रत्येकाला वाटतं, अख्खी पेटी माझीच! हसताय? तुमच्या घरी बाथरूम किती, माणसं किती?

पेटीची मेमरी चौसष्ट जीबी. मेमरी म्हणजे काम करताना सामान मांडायची जागा. ओटाच म्हणा ना! प्रज्वलाताईनं वाटली होती शहाण्णव. अहो, ती चूक नव्हे! सगळ्यांना एकदम लागत नाही. ज्याच्याकडे रिकामी पडलीय, त्याच्याकडून पेटी ती हळूच काढून घेते आणि अडलेल्याला देते.

पण त्या दिवशी दवाखान्यात तपासणी शिबिर. ही गर्दी! अकरा वाजता फोन — रक्तपेढीचे बशीरभाई.

"ताई, स्क्रीन हलेना! बाळंतिणीला ओ निगेटिव्ह पाहिजे. पिशवी कुठल्या फ्रीजमध्ये, तपासलीय का नाही, सगळं त्या स्क्रीनमध्ये!"

"पाच मिनिटं द्या, बशीरभाई!"

"मी देतो हो! त्या बाईकडं आहेत का पाच मिनिटं?"

ताईनं पेटीचा हिशेब उघडला. बघते तर मेमरी संपलेली! ओटा भरला की यंत्र सामान माळ्यावर टाकतं, म्हणजे डिस्कवर, आणि दर वेळी शिडी लावून खाली काढतं. मग स्क्रीन हलणार कशी?

कुणी खाल्ली? एक्स-रेवाल्यांनी! दुसरं कोण! लावला फोन — "किती मेमरी खाता हो तुम्ही? इकडं बाई मरतेय!"

पलीकडून आवाज आला, "मॅडम, आमचं मशीन सकाळपासून बंद आहे. आम्ही चहा पितोय."

घ्या! आता कुणावर ओरडायचं?

इतका वेळ ताई बघत होती, कुणाला किती *दिलीय*. आता बघितलं, कोण किती *वापरतंय*. आणि एका ओळीवर डोळे थांबले. दिलेली चोवीस, वापर जेमतेम अर्धा! मग पेटीनं काढून का नाही घेतली? कारण पुढं लिहिलेलं — राखीव! राखीवला पेटीसुद्धा हात लावत नाही.

आणि त्या यंत्राचं नाव काय होतं, मंडळी? 'तात्पुरतं'!

तीन वर्षांपूर्वी काहीतरी करून बघायला ताईनंच बनवलेलं. दोन दिवसांत काढते म्हणाली होती. कुणी जागा घेऊ नये म्हणून राखीवही तिनंच केलेलं. "अगं बाई, हे तर माझंच!" कानाच्या पाळ्या तापल्या तिच्या. तरी बोट अडलं बरं का! आत काही कामाचं असेल तर? राहू दे का, लागेल कधीतरी?

पुन्हा फोन आला. बशीरभाई ओरडले, "ताई!"

केलं बंद! दोन श्वास गेले, तीन गेले...

"हललं! तिसरा फ्रीज, वरचा कप्पा!" आणि बशीरभाई पळत सुटले.

बाई वाचली, मंडळी. लेकरूही वाचलं. ताईनं आधी एक्स-रेला फोन केला आणि म्हणाली, "चुकले हो, मीच अडवून बसले होते."

आता तुमच्याकडे येतो! ती दुसरी रांग बघा. तासभर रुमाल पडलाय खुर्चीवर, आणि मागं त्या आजी खांबाला धरून उभ्या! लाज वाटते का कुणाला? कुणाचा आहे तो रुमाल? बोला ना!

काय?... माझा?

हो की! आमच्या मंडळींसाठी मीच टाकला. त्या येत नाहीत, असा दुपारीच निरोप आला होता...

आजी, या पुढं. बसा. मंडळी, आजी नीट बसेपर्यंत टाळ वाजवा, आणि मला जरा मान खाली घालू द्या.